कालव्याकाठचा व्होल: आधी ओळख, मग मिंक, मग काठ

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये, बर्कशरच्या पश्चिम भागात, केनेट अँड एव्हन कालव्याला लागून घर आहे. बागेच्या टोकाला काठावर बिळं दिसतात, संध्याकाळी पाण्यात ‘डुबुक्’ असा आवाज येतो आणि एक तपकिरी, गोलसर जनावर पोहत जाताना दिसतं. शेजारी म्हणतात उंदीर आहेत, विष ठेवू. घरच्यांना वाटतं हा वॉटर व्होल, म्हणजे काठात बिळं करून राहणारा, उंदरासारखा दिसणारा प्राणी असावा. त्यात काठ खचत चाललाय, म्हणून पोलादी पत्रे ठोकून घ्यायचा विचार आहे. तर ओळखायचं कसं, धोका नक्की कशाचा, आणि व्होल नसलेच तर आणून सोडता येतात का?

तातडीच्या गोष्टी दोनच: विष ठेवू नका आणि खात्री होईपर्यंत काठाला हात लावू नका. बाकीचं सावकाश करता येतं. मात्र क्रमाने करायला हवं. व्होलसाठी चांगल्या मनाने केलेली कामं वाया जातात ती बहुतेक क्रम चुकल्यामुळे. काठ हिरवागार केला आणि मिंककडे, म्हणजे व्होल खाणाऱ्या परदेशी शिकाऱ्याकडे, पाहिलंच नाही, तर आपण फक्त मिंकचं ताट वाढून ठेवलेलं असतं.

हा उंदीर नाही

मराठीत ऑटरला आपण पाणमांजर म्हणतो, त्या चालीवर व्होलला ‘पाणउंदीर’ म्हणायचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण इंग्रजांनीही शतकानुशतकं त्याला ‘वॉटर रॅट’च म्हटलं आणि त्या नावापायी तो आजही विषाला बळी पडतो. आपल्याकडच्या घुशीशीही त्याचा संबंध नाही. घूस बांध पोखरून बाहेर मातीचा ढीग टाकते. व्होलच्या बिळाबाहेर असा ढीग सहसा नसतो, आणि ओळखीची पहिली खूण तीच.

प्रत्यक्ष प्राणी दिसला तर तोंडाकडे पाहा. नाक बोथट, चेहरा गोल, कान इतके लहान की केसांत जवळजवळ लपलेले, आणि शेपटीवर केस. घरच्या उंदराचं तोंड निमुळतं, कान उघडे, शेपटी जाड, उघडी आणि खवल्यांची. पूर्ण वाढलेला व्होल साधारण २०० ते ३५० ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या उंदराच्या अंगलटीचाच असतो. म्हणून लांबून नुसत्या आकारावर जाऊ नका. पोहतानाही फरक कळतो. व्होल पाण्यावर उंच तरंगतो, पाठ दिसते. उंदीर बराचसा बुडालेला असतो. पण संधिप्रकाशात यावर पैज लावू नये.

खरी खात्री लेंड्यांवरून होते. व्होलची लेंडी ८ ते १२ मिलिमीटर लांब, ४ ते ५ मिलिमीटर जाड, दोन्ही टोकांना गोल असते. रंग हिरवट तपकिरी ते काळसर. तिला घाण वास येत नाही, आणि काडीने मोडून पाहिली तर आत बारीक वनस्पतीचा लगदा दाबून बसवल्यासारखा दिसतो. उंदराची लेंडी मोठी, बहुधा एका टोकाला निमुळती, वास मारणारी, आणि इकडेतिकडे विखुरलेली. व्होल मात्र ठरलेल्या जागी ढीग घालतो. फेब्रुवारी ते नोव्हेंबरच्या दरम्यान प्रजननक्षम माद्या आपल्या हद्दीच्या कडेला, बिळाच्या तोंडाशी आणि पाण्यात उतरायच्या जागी हे ढीग करतात, मागच्या पायांनी तुडवून चपटे करतात आणि वर ताज्या लेंड्या टाकतात. खाली चपटा जुना थर आणि वर ताजा माल, असा ढीग दिसला की शंका उरत नाही. शेतव्होल नावाचा छोटा भाऊबंदही ढीग घालतो, पण त्याच्या लेंड्या बऱ्याच बारीक असतात.

दुसरी खूण जेवणाची. काठाला, पाण्याच्या अगदी कडेला, लव्हाळ्याचे आणि गवताचे दांडे नीट रचून ठेवल्यासारखे पडलेले असतात. प्रत्येक तुकडा दहा सेंटिमीटरपर्यंत, टोक साधारण ४५ अंशांत तिरकं तोडलेलं आणि त्यावर दोन मोठ्या दातांच्या खुणा. तिसरी खूण बीळ. तोंड ४ ते ८ सेंटिमीटर, उंचीपेक्षा रुंदीला जास्त, आणि भोवती गवत इतकं कुरतडलेलं की छोटी हिरवळ राखल्यासारखी दिसते. मादी पिल्लांना पाजत असताना फार लांब जात नाही, तोंडाशीच चरते, त्यातून ती हिरवळ तयार होते. काही दारं पाण्याखाली असतात, ती दिसणार नाहीत.

पाहणी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करा, आणि एकदा करून थांबू नका. एक फेरी जूनअखेरपर्यंत, दुसरी जुलैनंतर. मोठा पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी चढून उतरल्यावर लगेच जाऊ नका, लेंड्या वाहून गेलेल्या असतात आणि ‘इथे काही नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. कालव्यावर आणखी एक अडचण असते. लोकांची ये-जा असते ती टो-पाथच्या बाजूने, म्हणजे पूर्वी घोडे ज्या वाटेवरून नावा ओढत त्या बाजूने. व्होल बहुधा पलीकडच्या काठाला असतो, जिथे कुत्री नाहीत आणि गवत वाढलेलं आहे. तुमची बाग याच पलीकडच्या काठावर असेल तर तुम्ही नशीबवान आहात. नाहीतर छोट्या नावेतून, काठाच्या अगदी लगत, हळू जाऊन पाहावं लागतं. एकट्याने उतरू नका, कालव्याचं पाणी खोल नसतं पण तळाचा गाळ पाय सोडत नाही. हातमोजे घाला. लेप्टो काय असतो हे मुंबई-कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तोच जंतू इथल्या उंदरांच्या मुतातून पाण्यात असतो, आणि हातावरची एखादी चीर त्याला पुरते.

काठ दगडी किंवा पोलादी असेल, लेंडी टाकायला जागाच नसेल, तर ताटाएवढ्या प्लायवूडखाली थर्माकोल चिकटवून वर गवताचं ढेकूळ ठेवा आणि तो छोटा तराफा दोरीने काठाला बांधा. व्होल असला तर चढून बसतो, खातो आणि लेंड्या टाकून जातो.

कालवा त्याला का मानवतो, आणि कुठे फसवतो

व्होलला हवं असतं संथ पाणी, वर्षभर जवळजवळ सारखी राहणारी पातळी, खणता येईल असा मातीचा उभट काठ आणि त्यावर दाट हिरवाई. कालव्यात पहिल्या दोन गोष्टी आयत्या मिळतात. नदीला पूर येतो, बिळं बुडतात. कालव्यात लॉकपाशी, म्हणजे नावा वरखाली नेणाऱ्या दारांच्या टप्प्यापाशी, पाणी थोडं वरखाली होतं, एवढंच. म्हणून केनेट अँड एव्हन किंवा डर्बीशरमधला क्रॉमफर्ड कालवा अशा ठिकाणी नद्यांमधून नाहीसा झालेला व्होल टिकून राहिलेला दिसतो.

खाणं त्याला भरपूर लागतं, दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के. दोनशेच्या वर वनस्पती त्याच्या आहारात नोंदल्या आहेत, तेव्हा खाण्याचे नखरे नाहीत. पण हिरवाई अन्नाइतकीच आडोशासाठी लागते. काठावर किमान दोन मीटर रुंद, न कापलेला पट्टा नसेल तर बगळ्यापासून घुबडापर्यंत सगळ्यांना तो उघड्यावर सापडतो.

आता त्याचं गणित पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मार्च ते सप्टेंबर-ऑक्टोबर प्रजनन, गर्भकाळ सुमारे तीन आठवडे, हंगामात दोन ते पाच वेतं, प्रत्येकात पाच-सहा पिल्लं. ऐकायला उंदरासारखंच वाटतं. पण हिवाळ्यात सत्तर टक्क्यांपर्यंत मरतात आणि दोन हिवाळे पाहणारा व्होल विरळाच. शिवाय मादी हद्द राखते, ३० ते १५० मीटर काठ एकीचा. म्हणजे कालव्याच्या एका किलोमीटरवर ठरावीकच माद्या मावतात. एखाद्या वाईट हिवाळ्यात वस्ती संपते, आणि शेजारच्या वस्तीतून नवे येऊन ती पुन्हा भरते. ही ये-जा चालू राहिली तरच व्होल टिकतो. मधला एक-दोन किलोमीटर काठ काँक्रीटचा झाला की वस्त्या तुटतात आणि एकेक करून विझतात. विझायला कोणी शत्रूही लागत नाही.

१९८९-९० आणि १९९६-९८ अशा दोन देशव्यापी पाहण्या झाल्या. त्यांवरून काढलेला अंदाज सुमारे ७३ लाखांवरून पावणेनऊ लाखांवर आला. आठ वर्षांत जवळजवळ नव्वद टक्के घट, ब्रिटनमधल्या कुठल्याही सस्तन प्राण्याची इतकी वेगाने झालेली घसरण नोंदलेली नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १ लाख ३२ हजारांचा आकडा आहे. हे अंदाज वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आहेत, म्हणून एकातून दुसरा वजा करू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे.

मिंक: इथेच बाजी हरते

अमेरिकन मिंक मुंगसाच्या अंगलटीचा, गडद चॉकलेटी, पाण्यात सराईत शिकारी. १९२९ पासून कातड्यासाठी तो ब्रिटनमध्ये पाळू लागले. प्राणिहक्कवाल्यांनी पिंजरे उघडले म्हणून तो पसरला, असं सरसकट सांगितलं जातं. १९९८ मध्ये हॅम्पशरमध्ये हजारो मिंक असे सुटले हे खरं आहे. पण जंगलात त्याचं प्रजनन डेव्हनमधल्या टीन (Teign) नदीवर १९५६ मध्येच नोंदलं गेलं होतं. त्याच्या आधीपासून तो पिंजऱ्यांतून निसटतच होता.

बगळा, पाइक मासा, घुबड, स्टोट, कोल्हा हे सगळे व्होलला खातात आणि हजारो वर्षं खात आलेत. व्होलच्या बचावाचे डाव दोन. पहिला: पाण्यात सूर मारायचा, मागच्या पायांनी तळाचा गाळ उडवायचा आणि पाण्याखालच्या दारातून घरात शिरायचं. दुसरा: वरच्या दारातून बिळात. जो शिकारी पोहू शकतो तो बिळात मावत नाही, जो बिळात मावतो तो पाण्याखाली पाठलाग करत नाही. मिंकची मादी दोन्ही करते. ती इतकी सडपातळ असते की व्होलच्या बिळात सरळ शिरते. मे महिन्यात तिला पिल्लं झाली की एकाच उन्हाळ्यात ती एक-दोन किलोमीटरमधली अख्खी वस्ती रिकामी करू शकते. कालव्यावर हे आणखी सोपं जातं, कारण कालवा म्हणजे दोन सरळ रेषा. दलदलीच्या बोरूच्या रानात व्होलला दडायला जागा असते. कालव्याच्या काठाने चालत गेलं की प्रत्येक बीळ वाटेतच लागतं.

म्हणून ओळख पटल्यावर दुसरं पाऊल काठाचं नाही, मिंकचं. मिंक आहे का, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. तो महिनोन्महिने राहून दिसत नाही. त्यासाठी ब्रिटनच्या गेम अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्टने तयार केलेला तराफा वापरतात. रचना साधी आहे: सुमारे १२० बाय ६० सेंटिमीटर, दोन प्लायवूडच्या मध्ये ५ सेंटिमीटर थर्माकोल. मधोमध चौकोनी खाच, त्यात टोपली बसते. टोपलीत फुलांच्या सजावटीला वापरतात तो हिरवा स्पंज भिजवून भरायचा आणि वर चिकणमाती व बारीक वाळूचा गुळगुळीत थर लिंपायचा. स्पंजाचं बूड पाण्यात असल्याने माती ओली राहते. वर लाकडी बोगदा, म्हणजे पावसाने ठसे पुसत नाहीत. मिंकला प्रत्येक बोगद्यात डोकवायची खोड असते. आमिषाचीही गरज नसते.

दर आठवड्या-दोन आठवड्यांनी माती पाहा, ठसे असतील तर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि लिंपून पुन्हा गुळगुळीत करा. मिंकचा ठसा पाच बोटांचा, ताऱ्यासारखा, नखांच्या टोकांसह, तीन-चार सेंटिमीटरचा. व्होल आणि उंदीर यांचा पुढचा पाय चार बोटांचा, ठसे लहान. ऑटरचा ठसा मिंकच्या जवळजवळ दुप्पट. पोलकॅट नावाचा ब्रिटनचाच मूळचा प्राणीही या भागात आहे, त्याचा ठसा मिंकसारखाच दिसतो. म्हणून नुसत्या ठशावर कोणालाही मारायचा निर्णय होत नाही, पकडल्यावर नीट पाहावं लागतं. तराफ्यावर व्होलच्या लेंड्याही हमखास सापडतात, म्हणजे एका तराफ्यात दोन पाहण्या होतात.

किलोमीटरला एक तराफा पुरतो. जागा निवडताना ओढा कालव्याला मिळतो तिथे, मोरीच्या तोंडाशी, लॉकच्या बगलेच्या पाटाजवळ अशी निवडा, आणि टो-पाथच्या पलीकडे, झुकलेल्या झुडपाखाली, नाहीतर कोणीतरी आठवड्यात दोरी कापतं. दोरी थोडी सैल ठेवा. लॉक उघडझाप झाल्यावर पाणी खाली गेलं आणि दोरी ताठ असली की तराफा काठाला लटकतो आणि माती सुकून जाते. कालव्यात काहीही तरंगतं ठेवायचं तर ज्याच्या ताब्यात पाणी आहे त्याची परवानगी लागते. इंग्लंड-वेल्समधले बरेचसे कालवे २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत.

ठसे मिळाले तर त्याच बोगद्यात जिवंत पकडणारा पिंजरा लावतात. हे काम प्रशिक्षित माणसाकडे द्या. पिंजऱ्याच्या तोंडाला ऑटर आत शिरू नये म्हणून अडसर हवाच. पिंजरा दिवसातून किमान एकदा पाहणं बंधनकारक आहे. दार पडलं की मोबाइलवर संदेश पाठवणारी यंत्रं आता मिळतात. त्यांनी कामाचा ताण निम्म्याहून कमी होतो, पण यंत्र बसवलं म्हणून चार दिवस फिरकायचं नाही, असं चालत नाही. पकडलेला मिंक परत सोडणं बेकायदा आहे, आणि पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवून मारणं हाही गुन्हा आहे. मारायचं तर प्रशिक्षिताने, एअर पिस्तुलाने, तत्काळ. ज्यांना ही गोष्ट मनाला पटत नाही त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण त्यांनी मग काठ सुधारायचा खर्चही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ दोन. जानेवारी ते एप्रिल, म्हणजे पिल्लं व्हायच्या आधी, जेव्हा एक मादी पकडली की पुढचं सगळं बाळंतपण टळतं. आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर, जेव्हा पिल्लं मोठी होऊन नव्या जागा शोधत भटकतात. एका बागेपुरतं हे काम होत नाही. मिंक कित्येक किलोमीटर फिरतो, तुम्ही तुमच्यापुरता काढला तर शेजारचा महिन्याभरात येतो. ईस्ट अँग्लियात वॉटरलाइफ रिकव्हरी ट्रस्टने संपूर्ण पाणलोट धरून, संदेश पाठवणारे तराफे आणि मिंकच्याच गंधग्रंथींचं आमिष वापरून काम केलं, तेव्हा कुठे मोठ्या प्रदेशात मिंकचं प्रजनन थांबल्याचं दिसलं. तुमच्या भागात बर्कशर, बकिंगहॅमशर व ऑक्सफर्डशरचा वाइल्डलाइफ ट्रस्ट बऱ्याच वर्षांपासून व्होलचं काम करतो. पहिला फोन तिथे करा, आणि हातात तारीख, जागेचा नकाशा-क्रमांक आणि लेंड्यांचे फोटो असू द्या.

ऑटर परत आल्यामुळे मिंक आपोआप हटेल, अशी आशा अनेकजण धरतात. ऑटर असेल तिथे मिंक थोडा दबून राहतो, हे खरं. हटत मात्र नाही.

विष आणि शेजारी

उंदरांसाठी ठेवलेल्या रक्त पातळ करणाऱ्या विषाचे दाणे व्होलही आवडीने खातो, आणि उंदराच्या डब्याच्या तोंडातून व्होल सहज आत जातो. शेजाऱ्यांना विष नको म्हणताना दुसरा उपाय हातात द्या, नाहीतर ते रात्री ठेवतील. उंदीर काठावर येतात ते बहुधा पक्ष्यांसाठी टाकलेल्या दाण्यांमुळे, उघड्या कंपोस्टमुळे आणि कोंबड्यांच्या खाद्यामुळे. ते बंद करा, सांडलेले दाणे रोज उचला. तरी उंदीर राहिले तर घराच्या भिंतीला लागून, काठापासून दूर, बोगद्यात बंदिस्त केलेला चापाचा सापळा लावा. काठावर दोन्ही प्राण्यांच्या खुणा एकत्र सापडणं अगदी नेहमीचं आहे. ‘उंदीर आहे म्हणजे व्होल नाही’ असा अर्थ काढू नका.

खचणारा काठ

वॉटर व्होलला १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण भाग कायद्याखाली इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००८ पासून पूर्ण संरक्षण आहे. मारणं, पकडणं, बीळ मोडणं किंवा बिळाची वाट अडवणं, बिळात असताना त्रास देणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो. तुमच्या मालकीच्या बागेतही. स्कॉटलंडमध्ये कायद्याचा भर बिळावर आहे, तो फरक तिथे राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावा.

बिळांचं जाळं काठापासून आत काही मीटर पसरलेलं असतं, पाच मीटरपर्यंतही. म्हणून ‘पोकलेन काठाला लावत नाही, वरूनच काम करतो’ हे सांगणं पुरेसं नाही, वजनानेच बिळं दबतात. काम टाळता येत नसेल तर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेकडे नोंदलेला परिसरतज्ज्ञ ५० मीटरपर्यंतच्या काठावर व्होलला ‘हलवू’ शकतो, आणि तेही फक्त १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिलमध्ये. रीत अशी: त्या पट्ट्यातलं गवत जमिनीसपाट कापायचं, लगतचा पट्टा दाट ठेवायचा, किमान पाच दिवस थांबायचं म्हणजे आडोसा गेलेला व्होल आपण होऊन सरकतो, मग तज्ज्ञाच्या नजरेखाली बिळं हाताने आणि हलक्या बकेटने उकलायची. हीच तारीख का, तर तेव्हा हिवाळ्यातून तगलेले थोडेच व्होल असतात, पिल्लं नसतात आणि हद्दी बसलेल्या नसतात. जूनमध्ये हेच केलं तर डोळे न उघडलेली पिल्लं बिळातच मरतात. आणि शेजारच्या पट्ट्यात मावायला जागा नसेल, तर हलवलेला व्होल म्हणजे मेलेला व्होल.

आता पोलादी पत्रे. कालव्याच्या व्यवस्थापनाची बाजू चुकीची नाही. कालव्याच्या तळाला आणि कडांना तुडवलेल्या चिकणमातीचा थर असतो. भरावावरून जाणाऱ्या कालव्याला भोक पडलं तर कित्येक मैलांचं पाणी शेजारच्या वस्तीत उतरतं. अशा भरावावर पत्रे लागतात, तिथे हट्ट करू नये. पण तुमच्या बागेसारख्या, जमिनीच्या पातळीवरच्या काठाला बोटींच्या लाटांपासून थोडं वाचवलं की भागतं. त्यासाठी काथ्याचे रोल. कोकणात ज्याचे दोर वळतात तोच काथ्या, ३० सेंटिमीटर जाड आणि दोन-तीन मीटर लांब गुंडाळ्या, त्यांत पिवळा आयरिस, लव्हाळे, पर्पल लूजस्ट्राइफ अशी देशी रोपं आधीच रुजवलेली असतात. वसंतात बसवावेत, म्हणजे मुळं त्याच हंगामात काठात जातात. दोन्ही बाजूंनी दर मीटरला लाकडी खुंट्या ठोकून वरून दोरीने आवळायचं, आणि काठ व रोल यांच्यातली पोकळी मातीने भरायची. ही मातीच पुढे व्होल खणणार.

बिघडतं ते चार कारणांनी. रोलचा माथा पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर वर हवा. जास्त उंच बसला तर रोपं वाळतात, खाली गेला तर कुजतात. पातळी मोजायची ती कालवा भरलेला असताना. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी पाणी उतरवलेलं असताना बसवलेले रोल नंतर हातभर पाण्याखाली गेलेले पुष्कळदा दिसतात. दुसरं, हंस आणि बदकं कोवळे कोंब पहिल्याच महिन्यात फस्त करतात, म्हणून पहिला उन्हाळा जाळीचं कुंपण. तिसरं, खुंट्या तोकड्या पडतात, गाळात रुतल्यासारख्या वाटतात आणि पहिल्या बोटीच्या लाटेने सैल होतात. घट्ट मातीत निम्मी खुंटी गेली पाहिजे. चौथं आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित: सावली. वर विलो किंवा ॲल्डरची दाट छत्री असेल तर काहीही लावा, दोन वर्षांत उघडा काथ्या राहतो. आधी फांद्या कमी करा, पक्ष्यांचा घरट्यांचा हंगाम सोडून.

काठावर गुलाबी फुलांचं उंच झाड दिसत असेल तर तो हिमालयन बाल्सम, आपल्या तेरड्याचा चुलत भाऊ. १८३९ मध्ये बागेसाठी इंग्लंडात आणलेला. उन्हाळाभर दोन-दोन मीटर वाढून खालचं सगळं गवत मारतो, आणि पहिल्या हिमतुषाराला कोलमडून काठ उघडा टाकतो, नेमका व्होलला आडोसा आणि मुळं हवी असतात तेव्हा. शेंगा धरायच्या आधी, जून-जुलैत, मुळासकट उपटा. शेंग फुटली की बी काही मीटर उडतं. दोन-तीन वर्षं सलग उपटल्यावर जमिनीतलं बी संपतं, पण वरच्या अंगाला कोणाच्या बागेत तो असेल तर पाण्यासोबत नवं बी येत राहतं.

गवत कापायचंच असेल तर शरद ऋतूत, एका वर्षी निम्मी लांबी, पुढच्या वर्षी उरलेली, आणि दहा-पंधरा सेंटिमीटरच्या खाली पातं नेऊ नका. पाण्यालगतचा दोन मीटर पट्टा न कापताच सोडलेला उत्तम. बागेच्या बाजूने त्याला कमी उंचीचं कुंपण घाला, मुख्यतः कुत्र्यासाठी.

आणून सोडायचे का

विकत मिळतात, बंदिवासात पैदास करणारे लोक आहेत. पण व्होल गेला असेल तर तो का गेला हे कळल्याशिवाय सोडू नका. पाणलोटभर मिंक-नियंत्रण चालू आहे, ठसे बराच काळ मिळालेले नाहीत, सलग काठ तयार आहे आणि पुढची काही वर्षं तराफे पाहणारी माणसं ठरलेली आहेत, या चारांतली एकही गोष्ट कच्ची असेल तर थांबा. एकट्या बागेत दहा व्होल सोडणं हा प्राण्यांचाच खर्च आहे.

सगळं जुळलं तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पेंढा भरलेले पिंजरे दाट गवतात पाण्याशेजारी ठेवतात. आत सफरचंद, गाजर. काही दिवस बंद, मग दाराला छोट्या भोकाची फळी, म्हणजे व्होल येतो-जातो पण मोठा शिकारी आत शिरत नाही, आणि पिंजऱ्यातला खाऊ हळूहळू कमी करत न्यायचा. चार-पाच दिवसांत बहुतेकांनी काठात नवी बिळं खणायला घेतलेली असतात. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये काठ लेंड्यांनी भरलेला दिसेल, त्यावर खूश होऊन अहवाल लिहू नका. तो आकडा पिल्लांचा असतो. खरी मोजणी पुढच्या एप्रिल-मेची. त्या वेळी ढीग सापडले नाहीत तर आधी तराफ्याची माती पाहा, मग काठ.